कामाच्या ठिकाणचे नेतृत्व : घरात, शाळेत आणि कारखान्यात

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्या परभणी जिल्ह्यात डोळ्यांसमोर निवडणूक, सभा, हार-तुरे आणि चौकातले फलक उभे राहतात. त्याही नेतृत्वाची समाजाला गरज असते, हे मी नाकारीत नाही. परंतु मी आयुष्यातील तीस-बत्तीस वर्षे कारखान्यात घालविली. आधी फिटर, मग सुपरवायझर आणि शेवटी फोरमन. त्यामुळे मला जे नेतृत्व ठाऊक आहे ते फलकावर दिसत नाही. पाळी बदलताना, यंत्र बंद पडल्यावर, माणूस जखमी झाल्यावर, माल वेळेवर न निघाल्यावर जो उभा राहतो आणि ज्याच्याकडे सगळे पाहतात, त्याचे ते नेतृत्व. आपल्यापैकी कोणी एस. टी. च्या कार्यशाळेत असेल, कोणी बँकेत, कोणी जिनिंगमध्ये, कोणी इस्पितळात, कोणी शाळेत. ज्याच्या हाताखाली दोन माणसे आहेत, त्याला आजचा विषय लागू आहे. आणि ज्याच्या हाताखाली आज कोणीच नाही, त्याला तर तो अधिकच लागू आहे, कारण त्याची तयारी आताच व्हावयाची आहे.

हा विषय आपल्यासाठी इतका महत्त्वाचा का, हे एका आकड्याने सांगतो. केंद्र सरकारने २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्या अहवालानुसार रेल्वेच्या कर्मचाऱ्यांमध्ये मुस्लिमांचे प्रमाण ४.५ टक्के होते. हा आकडा पुष्कळांनी ऐकला आहे. त्याच्या पुढचा आकडा मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिला. या कर्मचाऱ्यांपैकी ९८.७ टक्के खालच्या श्रेणीत होते. म्हणजे आत शिरलेल्या शंभर माणसांमागे दोन माणसेसुद्धा वर पोहोचलेली नव्हती. परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची गावे आहेत. या आकड्यामागचे चेहरे आपल्यातल्या अनेक कुटुंबांनी पाहिलेले आहेत. अहवालाला आता बरीच वर्षे झाली; पण त्याने दाखविलेला प्रश्न जुना झालेला नाही. प्रश्न दोन आहेत : दारातून आत किती गेले, आणि आत गेलेल्यांपैकी जिना किती चढले?

या परिस्थितीची कारणे अनेक आहेत. काही व्यवस्थेतील आहेत, आणि ती दूर व्हावीत अशी मागणी करणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. पण काही कारणे आपल्या हातातली आहेत, आणि आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी कितीतरी उत्तम कारागीर पाहिले, ज्यांनी बढती स्वतः नाकारली. कोणाला बदलीची भीती होती. कोणाला कागदपत्रांची, कोणाला खात्याच्या परीक्षेची. कोणाला काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्या मित्रांना आज काम सांगण्याचा संकोच वाटत होता. विचारले की उत्तर एकच : "साहेब, आहे तेच बरं आहे." या चार शब्दांनी जितकी माणसे खाली ठेवली, तितकी कोणत्याही साहेबाने ठेवली नसतील, असे मला कधी कधी वाटते.

आता नेतृत्व म्हणजे नेमके काय, ते पाहू. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा मी तीन कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी : अपयश आले तेव्हा पुढे कोण उभा राहिला?

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताचे एस. एल. व्ही.-३ हे उपग्रह सोडणारे अग्निबाण उडाले आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळले. त्या मोहिमेचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाण करावे हा अंतिम निर्णय त्यांचा होता. वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रात गेलेली, आणि बाहेर पत्रकार प्रश्न घेऊन बसलेले. त्या वेळी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन होते. ते कलामांना घेऊन पत्रकारांसमोर गेले, स्वतः बोलले आणि अपयशाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतली. आपला आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास आहे, पुढच्या वेळी ते यशस्वी होतील, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तेच अग्निबाण यशस्वी झाले आणि ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या दिवशीही पत्रकार परिषद होती. या वेळी धवन यांनी कलामांना सांगितले, तुम्ही जा आणि बोला. ही हकीकत कलामांनी पुढे असंख्य वेळा विद्यार्थ्यांना सांगितली. राष्ट्रपती झाल्यावरही ते ती विसरले नाहीत.

मित्रांनो, या गोष्टीत एक बाब सहज नजरेतून सुटते. धवन यांनी जबाबदारी घेतली म्हणून चूक शोधण्याचे काम थांबले नाही. कोणत्या भागात बिघाड झाला याची कसून तपासणी झाली, म्हणून तर वर्षभरात यश मिळाले. वरचा माणूस बाहेरचा मारा स्वतः झेलतो, तेव्हाच खालची माणसे आत बसून निर्भयपणे सांगू शकतात की अमुक ठिकाणी चुकले. जेथे पहिला प्रश्न "कोणी केले?" असा असतो, तेथे सगळे गप्प बसतात. जेथे पहिला प्रश्न "कसे झाले?" असा असतो, तेथे यंत्र लवकर सुरू होते.

दुसरी कसोटी : त्याने आपले हुनर दुसऱ्याला दिले की मुठीत ठेवले?

आपल्याकडे उस्ताद आणि शागीर्द ही जुनी परंपरा आहे. गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, शिलाईच्या खोलीत आपली असंख्य मुले याच परंपरेतून शिकली, आणि चांगल्या उस्तादांचे ऋण आपण कधीही विसरू नये. पण दुसरेही चित्र खरे आहे. पोरगा चार वर्षे पाने उचलून देतो, डिझेलने भाग धुतो. आणि इंजिनाचा टायमिंग बसवायची वेळ आली की उस्ताद नेमके त्याला चहा आणायला पाठवतात. उस्तादांना वाटते, हा शिकला तर उद्या समोरच दुकान टाकील.

कारखान्यातही हाच प्रकार चालतो. एका यंत्राचे सारे मर्म एकच फिटर जाणतो आणि कोणाला सांगत नाही. त्याला वाटते, माझ्यावाचून यांचे अडते, म्हणून मी सुरक्षित आहे. प्रत्यक्षात काय होते? बढतीची वेळ आली की व्यवस्थापक म्हणतात, "याला वर घेतला तर ते यंत्र कोण चालवील?" आणि त्याच्या शेजारी, ज्याने तीन पोरे तयार केली आहेत, तो वर जातो. ज्याच्यावाचून अडते तो जागेवरच राहतो. ज्याने आपली जागा भरून काढणारा माणूस तयार केला, तोच पुढच्या पायरीवर पाऊल ठेवू शकतो. मी हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

तिसरी कसोटी : त्याच्या हाती दिलेली अमानत सुरक्षित आहे का?

अमानत हा शब्द आपल्या घरोघरी माहीत आहे. शेजाऱ्याने ठेवायला दिलेला दागिना ही अमानत, हे आपण जाणतो. पण कामाचा वेळ, कचेरीचा शिक्का, गोदामाची किल्ली, हाताखालच्या माणसाची हजेरी आणि त्याच्या ओव्हरटाइमचा हिशेब, ह्यासुद्धा अमानतीच आहेत. सुपरवायझरने आपल्या मर्जीतल्या माणसाची हजेरी न येता लावली, तर त्या दिवशी बाकीच्या वीस माणसांच्या मनातून तो उतरतो. पुढे त्याचा आवाज कितीही मोठा असो, हुकूम चालतो तो फक्त तोंडावर.

या तीन कसोट्यांवर उतरणारी माणसे जन्माला येतात की घडवावी लागतात? मी म्हणतो, घडवावी लागतात, आणि आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण देतो.

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. साने गुरुजींनी जेथे शिक्षक म्हणून काम केले तेच हे अमळनेर. तेथे १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असे त्याचे लांबलचक नाव होते. १९६६ साली मोहम्मद हाशम अकाली वारले. त्यांचा मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. वय २१ वर्षे. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. कंपनीच्या सभेत एका भागधारकाने उभे राहून त्याला सरळ सुनावले की, ही कंपनी चालविणे तुला जमणार नाही, आपले भाग विकून मोकळा हो. पुढे अझीम प्रेमजी यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे, आणि त्या बोलण्याने आपला निश्चय पक्का झाला असेही सांगितले आहे.

नुसत्या निश्चयाने कारखाने चालत नाहीत. या तरुणाने व्यवस्थापनाची पुस्तके मिळवून अभ्यास केला. नात्यागोत्याची माणसे भरण्याऐवजी शिकलेली, कर्तबगार माणसे नेमली, मग ती कोणत्याही प्रांताची वा समाजाची असोत. प्रामाणिकपणाच्या बाबतीत तडजोड नाही, हा नियम कंपनीत सर्वांना सारखा लावला. तूप आणि साबण काढणाऱ्या कंपनीचे नाव पुढे विप्रो झाले. १९७८ साली आय. बी. एम. ही परदेशी कंपनी भारतातून निघून गेल्यावर जी जागा रिकामी झाली, ती हेरून विप्रोने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुने भाग न विकता सांभाळून ठेवले, त्यांचे नशीब पालटले. अर्धवट राहिलेली स्टॅनफर्डची पदवी प्रेमजींनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर पूर्ण केली. २०१९ साली ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले, आणि आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यांनी शिक्षणाच्या कामाला देऊन टाकला.

आता कोणी पालक म्हणतील, "साहेब, त्यांना कारखाना वारशाने मिळाला. आमच्या पोराला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पण कारखाना वारशाने मिळतो, कारखान्यातल्या माणसांचा विश्वास वारशाने मिळत नाही. वारसा मिळालेली कितीतरी दुकाने आणि पेढ्या एका पिढीत बुडालेल्या आपण पाहिल्या आहेत. प्रेमजींच्या उदाहरणातून आपल्या मुलांनी घ्यावयाचे ते त्यांचे धन नव्हे. मला अमुक येत नाही, हे ओळखून ते शिकायला बसण्याची तयारी घ्यावी. तिला भांडवल लागत नाही.

इतके दूर जायचे नसेल तर आपल्या शहरातलेच उदाहरण पाहा. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ सालापासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. या विद्यापीठाने १९८० च्या दशकात भेंडीची एक जात दिली. तिचे नाव 'परभणी क्रांती'. आपल्या गावाचे नाव तिने देशभरातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेले.

तेव्हा भेंडीवर केवडा रोगाने थैमान घातले होते. पांढरी माशी हा रोग पसरविते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि पीक हातचे जाते. त्या काळची लोकप्रिय जात होती पुसा सावनी. तीही या रोगाला बळी पडू लागली होती. संशोधकांनी तिचा संकर भेंडीच्या एका रानटी नातलगाशी केला. पण दूरच्या नात्यातल्या अशा संकरात बी नीट धरत नाही. म्हणून पिढ्यामागून पिढ्या तिचा मूळ जातीशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागला, तेव्हा कोठे रोगाला दाद न देणारी आणि चवीला, रूपाला चांगली अशी भेंडी हाती आली.

हे काम कसे चालते, ते विद्यार्थ्यांनी एकदा प्रक्षेत्रावर जाऊन पाहावे. संध्याकाळी कळीतले पुंकेसर अलगद काढायचे, कळीवर पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या झाडाचे पराग आणून लावायचे, पुन्हा पिशवी बांधायची आणि देठाला चिठ्ठी लावायची. हे बारीक काम पुष्कळदा रोजंदारीवरच्या माणसांच्या हातून होते. एक चिठ्ठी बदलली तर हंगाम वाया. आणि ती बदलल्याचे लपवून ठेवले तर कित्येक वर्षे वाया. म्हणजे शास्त्रज्ञाचे यश चिठ्ठी बांधणाऱ्या हाताच्या प्रामाणिकपणावर उभे असते. त्या हाताला आपण काय करतो आहोत आणि का करतो आहोत, हे ज्याने समजावून सांगितले, चूक झाली तर निःसंकोचपणे येऊन सांग असे ज्याने म्हटले, तो खरा प्रमुख. ज्याने फक्त "पटपट हात चालव" म्हटले, त्याच्या वाट्याला चुकीच्या चिठ्ठ्या येतात.

आता आधुनिक काळाकडे वळू. कामाची जागा पूर्वीसारखी राहिलेली नाही. पूर्वी साहेबाजवळ माहिती असे आणि कामगाराजवळ हात. आज माहिती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. त्यामुळे "मी सांगतो म्हणून" एवढ्यावर काम होत नाही. कारण सांगावे लागते. एकाच छताखाली कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी-शेजारी उभे असतात, काम सारखे आणि पगार वेगळा. त्यांच्यात दुरावा न येऊ देणे हे सुपरवायझरपुढचे आजचे अवघड काम आहे. स्त्रिया प्रत्येक खात्यात आल्या आहेत. कामाच्या ठिकाणी त्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणे बंधनकारक झाले. हा कायदा मुलींनी जितका वाचावा तितकाच मुलांनीही वाचावा, कारण उद्या आपल्या विभागातली भगिनी निर्धास्तपणे काम करते की नाही, यावरूनही तुमचे नेतृत्व जोखले जाईल.

यंत्र आणि अनुभव यांची सांगड घालणे हेही नव्या काळाचे काम आहे. मानवत आणि सेलू या आपल्या कापसाच्या बाजारपेठा. कापसाचा पुंजका बोटांत धरून, ओढून, तंतूची लांबी सांगणारे जुने जाणकार तेथे होते आणि आहेत. आज तेच माप यंत्र आकड्यात देते. नवा शिकलेला मुलगा जुन्या माणसाला म्हणतो, तुमचे आता काम नाही. जुना म्हणतो, तुझ्या यंत्राला कापूस काय कळतो. दोघांना एका टेबलाशी बसवून, "चाचा, तुमचा अंदाज आधी सांगा, मग यंत्राचे माप पाहू," असे जो म्हणेल आणि दोन्हींची नोंद ठेवील, त्याच्याकडे माल फसणार नाही आणि माणूसही दुखावणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी काही ठोस गोष्टी सांगतो. तुम्ही आय. टी. आय. मध्ये असा, महाविद्यालयात असा की दहावीत असा, आजपासून करता येतील अशाच त्या आहेत.

एक. खिशात छोटी वही ठेवा. आज कोणते काम झाले, कोणते राहिले, का राहिले, हे रोज तीन ओळींत लिहा. पाळी बदलताना ज्याच्या वहीत नोंद असते त्याचे म्हणणे ऐकले जाते. बैठकीत "बराच माल खराब निघतो" असे म्हणणारा आणि "मागच्या आठवड्यात दोनशे नगांपैकी नऊ खराब निघाले, त्यांपैकी सात रात्रपाळीचे" असे म्हणणारा, यांत वरिष्ठ कोणाकडे वळून पाहतील?

दोन. वाईट बातमी आधी सांगा. माल उशिरा निघणार असेल तर ते आदल्या दिवशी सांगणाऱ्यावर साहेब एकदा रागावतात. शेवटच्या क्षणी सांगणाऱ्यावर पुन्हा कधी विसंबत नाहीत.

तीन. मराठी लिहायला शिका, आणि चांगली शिका. उर्दू ही आपली गोड भाषा आहे, तिचा अभिमान जरूर बाळगा. परंतु १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून या राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. अर्ज, अहवाल, पंचनामा, टिपणी मराठीत होतात. ज्याला टिपणी लिहिता येत नाही, त्याचे काम दुसरा लिहितो, आणि श्रेयही दुसऱ्याच्या नावावर जाते. इंग्रजीही शिकावी लागेल, पण मराठी तर आपल्या अंगणात आहे.

चार. नोकरी लागली म्हणजे अभ्यास संपला, असे समजू नका. रेल्वेत खात्यांतर्गत परीक्षा असतात, बँकेत जे. ए. आय. आय. बी. आणि सी. ए. आय. आय. बी. या परीक्षा असतात. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत, संसाराचा व्याप वाढण्याआधी, त्या देऊन टाका.

पाच. जे आले ते एकाला तरी शिकवा. गणितात पुढे असाल तर शेजारच्या बाकावरच्या मुलाला शिकवा. शिकवताना आपल्याला खरोखर किती समजले आहे, हेही कळते.

पालकहो, आता थोडे आपल्याशी बोलतो, आणि स्पष्ट बोललो तर राग मानू नये.

आपण मुलाला विचारतो, "किती मार्क पडले?" हे विचारलेच पाहिजे. पण आठवड्यातून एकदा, "या आठवड्यात तुझ्यावर कोणती जबाबदारी होती आणि ती तू कशी पार पाडलीस?" असेही विचारा. जबाबदारी नसेल तर द्या. चौदा वर्षांच्या मुलाकडे महिन्याच्या किराण्याचा हिशेब द्या. विजेचे बिल, गॅस, धाकट्या बहिणीच्या प्रवेशाचे कागद त्याच्याकडे सोपवा. दोन-चारशे रुपयांची चूक होईल. ती चूक घरात होऊ द्या; तीच चूक पुढे नोकरीत फार महाग पडते. जे मूल वीस वर्षांचे होईपर्यंत एकही निर्णय घेत नाही, ते एकविसाव्या वर्षी एकदम चार माणसांना निर्णय कसा देईल?

बदलीची भीती घरातून येते, हेही मला सांगितले पाहिजे. मुलगा म्हणतो बढतीवर सोलापूरला जावे लागेल, घरातून उत्तर येते, "कशाला? इथं सगळे आहेत, भाकर मिळतेच आहे." आईवडिलांची माया मी समजू शकतो. पण हैदराबादेत जन्मलेले डॉ. झाकिर हुसेन बर्लिनहून उच्च शिक्षण घेऊन १९२६ साली परत आले, ते आपल्या गावी राहिले नाहीत. दिल्लीत पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात असलेल्या जामिया मिल्लियाची धुरा त्यांनी वयाच्या २९ व्या वर्षी उचलली. दोन वर्षांनी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि दरमहा १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. ती तंगी त्यांनी आधी स्वतः सोसली, म्हणून इतरांनी त्यांच्याबरोबर सोसली. तेच झाकिर हुसेन १९६७ साली या देशाचे राष्ट्रपती झाले. घराच्या ओढीने ते थांबले असते तर जामियाचे काय झाले असते?

आणि मुलींविषयी. या संस्थेच्या वर्गांतून मुली किती चांगल्या गुणांनी पास होतात, हे शिक्षक मला सांगतात. पुढे त्या कोठे जातात? ज्या मुलीने घरात आईच्या आजारपणात दोन भावंडे, स्वयंपाक आणि स्वतःची परीक्षा एका वेळी सांभाळली, तिला व्यवस्थापन शिकवायला कोणत्या महाविद्यालयात पाठवावे लागणार आहे? तिच्याजवळ गुण आहे. तिला संधी हवी आहे, आणि त्या संधीची किल्ली पुष्कळदा बापाच्या खिशात असते. ती किल्ली अमानत आहे, एवढेच मी म्हणेन.

शेवटी संस्थेला आणि शिक्षकांना एक नम्र सूचना. आपल्या वर्गांत मॉनिटर असतो. त्याचे काम काय? शिक्षक नसताना बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे. म्हणजे नेतृत्वाचा पहिला धडा आपण मुलांना हा देतो की नेता म्हणजे तक्रार करणारा शिपाई! ही पद्धत बदलता येईल. दर महिन्याला पाच मुलांकडे पाच कामे द्यावीत : पाण्याची टाकी, वाचनालयाची नोंद, प्रयोगशाळेचे सामान, गैरहजर मुलांपर्यंत अभ्यास पोहोचविणे आणि वर्गाची स्वच्छता. महिना संपला की प्रत्येकाने सर्वांसमोर दोन मिनिटे उभे राहून सांगावे, काय जमले, काय जमले नाही, आणि पुढच्याने काय सांभाळावे. मग काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे. जो मागच्या बाकावर बसतो, ज्याला कोणी काम सांगत नाही, त्याच्याकडे पहिले काम द्यावे. वर्षभरात वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांपैकी प्रत्येकाने एकदा तरी जबाबदारी घेतलेली असेल, हिशेब दिलेला असेल आणि ती दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली असेल. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या जून महिन्यापासून ते सुरू करता येईल.

ही मुले उद्या कारखान्यात, कचेरीत, इस्पितळात जातील. बढतीचा कागद समोर येईल तेव्हा त्यांचा हात मागे जाणार नाही, कारण जबाबदारी घेण्याची आणि हिशेब देण्याची सवय त्यांना शाळेतच लागलेली असेल. "आहे तेच बरं आहे" हे शब्द आपण आपल्या घरांतून आणि वर्गांतून हळूहळू घालवू शकलो, तर आजच्या या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.